कापेस्तांचा बुटका पूल

"आता सगळ्यांनी खाली बसा. हात बाहेर नकोत. आणि ती छत्री आधी मिटा."

ही आज्ञा माझ्या बायकोची. आज्ञा कुणाला, तर मला, माझ्या आईला आणि बाबांना. आम्ही एका भाड्याच्या मोटरबोटीत होतो, सुकाणू तिच्या हातात होतं आणि समोरून एक दगडी पूल आमच्याकडे येत होता. म्हणजे आम्हीच त्याच्याकडे जात होतो, पण ताशी पाचेक किलोमीटरच्या त्या संथ वेगात पूलच चालत येतोय असं वाटत होतं. कमान इतकी बुटकी की आमची बोट तिच्याखालून जाईल यावर माझा विश्वास बसेना. मी व्यवसायाने इंजिनिअर. बोटीची उंची कागदावर वाचली होती, पुलाची उंचीही वाचली होती, वजाबाकी करून झाली होती. तरीही मान खाली घातलीच!

गावाचं नाव कापेस्तां. दक्षिण फ्रान्समध्ये, बेझिए शहराच्या पश्चिमेला. इथली जुनी मंडळी शेवटच्या अनुस्वाराला एक हलकासा 'ग' चिकटवतात, त्यामुळे ऐकताना ते 'कापेस्तांग' वाटतं. गावात एक अवाढव्य गॉथिक चर्च आहे, त्याचा मनोरा लांबून दिसतो. पण बोटवाल्यांच्या जगात हे गाव प्रसिद्ध आहे ते या पुलामुळे. कानाल द्यू मिदी या २४० किलोमीटर लांबीच्या कालव्यावरचा सगळ्यात अडचणीचा पूल अशी त्याची ख्याती आहे. "कापेस्तांखालून गेलात तर कुठूनही जाल," असं इथे म्हणतात.

तर आज या पुलाची आणि त्याच्याखालून जाणाऱ्या बोटींची गोष्ट सांगतो. पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

माझं घर तुलूझमध्ये. द्रवगतिशास्त्रात पीएच.डी. करायला इथे आलो आणि मग नोकरीनिमित्त इथेच राहिलो. रोज सायकलने लॅबला जातो तो याच कालव्याच्या काठाने. गेल्या वर्षी मे महिन्यात आई-बाबा आले. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी एकटेच फिरायला गेले आणि परत येऊन चहा घेता घेता म्हणाले, "अरे, तुमच्या या कालव्याला ना चारी, ना वितरिका. दोन किलोमीटर चाललो, एक विमोचक दिसला नाही. मग हा पाणी देतो तरी कुणाला?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे कालवा म्हटला की शेती, पाणीपाळी, टेलपर्यंत पाणी पोचत नाही म्हणून भांडणं. हा कालवा मात्र खणला तो पाणी द्यायला नव्हे, तर पाण्यावरून माल न्यायला. (आता याच्या पाण्यावर हजारो हेक्टर शेतीही भिजते, पण तो नंतरचा उद्योग.) मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्हाला बोटीतूनच दाखवतो." आणि दोन दिवसांची बोट ठरवली.

फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक आणि दक्षिणेला भूमध्य समुद्र. एका किनाऱ्याचा माल दुसऱ्या किनाऱ्याला न्यायचा तर सगळ्या स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावं लागे. वाटेत वादळं आणि चाचे. दोन समुद्रांना आतून जोडण्याची कल्पना फार जुनी होती, अडत होतं ते पाण्यावर. मध्ये समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवर नोरूझची खिंड आहे. बोट तिथवर चढवायची तर माथ्यावर सतत पाणी हवं, कारण बोट कोणत्याही दिशेने उतरली तरी ती माथ्यावरचंच पाणी घेऊन उतरते. डोंगरावर पाणी आणणार कुठून?

उत्तर शोधणारा माणूस इंजिनिअर नव्हता. पियेर-पॉल रिके हा बेझिएचा, धंद्याने मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार. मिठाचा कर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दांडी येते. फ्रान्समध्येही हा 'गाबेल' नावाचा कर लोकांच्या शिव्यांचा धनी होता. पण या धंद्यामुळे रिकेचा मुलूख पायाखालचा झाला आणि गाठीला पैसाही आला. त्याने जवळच्या 'काळ्या डोंगरा'तले ओढे चरांनी वळवून नोरूझला आणायची योजना मांडली. १६६२ साली त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहिलं, १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली आणि १६६७ मध्ये काम सुरू झालं. सें-फेरेओलला मातीचा आणि दगडाचा मोठा बंधारा घातला. तो आजही पाणी धरून आहे. बाबांना नंतर तिथे घेऊन गेलो, तर ते बराच वेळ भिंतीवर नुसते उभे राहिले. "साडेतीनशे वर्षं..." एवढंच म्हणाले.

ऐन भरात बारा हजारांपर्यंत माणसं या कामावर होती. त्यात बायका बऱ्याच होत्या. चंद्रा मुखर्जी या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली या कालव्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं, की पिरेनीज पर्वतातून आलेल्या मजूर बायका नुसत्या माती वाहत नव्हत्या. डोंगरउतारावरून पाणी कसं खेळवायचं याचं पिढीजात ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि ते या कामात उतरलं. रिकेने मजुरांना महिन्याचा पगार लावला आणि रविवारचे, सणाचे व आजारपणाचेही पैसे दिले. त्या काळी हे नवलच होतं. स्वतः रिके मात्र कर्जबाजारी झाला. १ ऑक्टोबर १६८० रोजी तो वारला आणि कालवा उघडला १६८१ च्या मे महिन्यात. त्याचं कर्ज फेडायला वारसांना चार दशकं लागली.

आता पुलाकडे येतो. कालवा म्हणजे आडवी पडलेली एक भिंतच. याच्या अलीकडे गाव, पलीकडे गावाची शेतं. काल जो शेतकरी बैलगाडी घेऊन सरळ मळ्यात जात होता, त्याच्या वाटेत आज वीस मीटर रुंद पाणी. त्यामुळे कालवा जिथे जिथे रस्ता कापेल तिथे पूल बांधून देणं भाग होतं. असे पूल तुलूझपासून समुद्रापर्यंत पसरलेले आहेत. दगडी, एका कमानीचे, पाठीला पोक असलेले. पुलापाशी कालवा अरुंद होतो आणि कमानीखाली एका काठाने बोट ओढणाऱ्या घोड्यांपुरती वाट सोडलेली असते.

मग कमान इतकी बुटकी का? रस्त्याकडून बघितलं की कळतं. कमान उंच केली की दोन्ही बाजूंचे चढ लांबवावे लागतात. म्हणजे जास्त भराव, जास्त दगड, जास्त खर्च. चढ न लांबवता कमान उंच केली तर भरल्या गाडीचे बैल चढणार नाहीत. उलट खालून जाणाऱ्या बोटीला उंची हवी होती कशाला? तिला शीड नको, धुराडं तर तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. धान्याची पोती, वरून ताडपत्री, एक माणूस सुकाणूवर आणि पुढे काठावरून चालणारा घोडा. जेवढं हवं तेवढंच बांधलं. त्या काळच्या हिशोबाने यात काहीही चुकलं नव्हतं. आमच्या माहितीपुस्तकात या कालव्यावरच्या पुलांखालची उंची मधोमध सुमारे ३.३ मीटर दिली होती. 'मधोमध' हा शब्द महत्त्वाचा. कमान गोल असल्यामुळे कडेला ही उंची झपाट्याने कमी होते. बोटीचं डोकं वाचतं आणि खांदे घासतात.

या कमानींखालून सुमारे दोनशे वर्षं फ्रान्सच्या दक्षिणेचा व्यापार गेला. गहू, दारूची पिंपं आणि माणसंसुद्धा. प्रवाशांसाठी टपालबोट असे. ती सुरुवातीला तुलूझपासून चार दिवस घ्यायची. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या होत्या. आम्ही जिथून बोट घेतली ते ल सोमाय हे त्यातलंच एक ठिकाण. तिथला पोक असलेला सतराव्या शतकातला पूल, त्याला खेटून छोटं देऊळ, म्हणजे चर्चचंच धाकटं भावंड, आणि पलीकडे जुनी खाणावळ. पाण्यात सगळ्यांची उलटी प्रतिबिंबं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन १७८७ च्या मे महिन्यात या कालव्याने तुलूझला गेले. तेव्हा ते फ्रान्समधले अमेरिकेचे वकील होते. त्यांनी आपल्या घोडागाडीची चाकं काढली, गाडी बोटीवर ठेवली आणि आत बसून आरामात प्रवास केला. आज आपण गाडी फेरीबोटीवर चढवतो, तसंच हे.

कापेस्तांच्या आसपास कालव्याची आणखी एक गंमत आहे. इथे चोपन्न किलोमीटर लांबीचा एक टप्पा असा आहे, की त्यात एकही लॉक नाही. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट एका हौदात घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट चढते किंवा उतरते. लॉक टाळायचं तर कालव्याला डोंगराच्या कडेने एकाच पातळीवर नागमोडी जावं लागतं. त्यामुळे तो दरीच्या वर टांगल्यासारखा जातो आणि खालची शेतं पाण्याच्या पातळीच्या खाली दिसतात. हे दृश्य बाबांना अजिबात आवडलं नाही. "भराव फुटला तर?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

भराव फुटलेलाच आहे. १७६६ साली कापेस्तांपाशीच. त्यानंतर इथे सायफन पद्धतीचे सांडवे बांधले. कल्पना अशी, की पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दगडात कोरलेल्या वाकड्या नळीत शिरतं, आतली हवा हाकलतं आणि मग सायफन सुरू होऊन जास्तीचं पाणी जोरात ओढून बाहेर फेकलं जातं. पातळी खाली आली की नळीत हवा शिरते आणि सगळं आपोआप बंद. माणूस नको, दार नको, वीज तर नकोच. मी बोटीच्या टपावर बसून बाबांना चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्रात एक चूक काढली. (ती खरंच होती.)

मग या वैभवाचं पुढे काय झालं? १८५७ साली बोर्दो ते सेत असा लोहमार्ग पुरा झाला, कालव्याला समांतर. आणि १८५८ मध्ये सरकारने एक अजब काम केलं. कालवा चाळीस वर्षांच्या मक्त्याने दिला तो त्याच रेल्वे कंपनीला! मांजराला दुधाची राखण. कंपनीने कालव्यावरचे दर असे ठेवले की माल आपल्या पायाने रुळांवर यावा. १८९८ मध्ये कालवा सरकारकडे परत आला, तोवर बरंच काही हातचं गेलं होतं.

दरम्यान १८७९ साली सार्वजनिक बांधकाम मंत्री फ्रेसिने यांनी देशभरच्या कालव्यांसाठी एक माप ठरवून दिलं. ३८.५ मीटर लांबीची बोट मावेल एवढं लॉक, दोन मीटर खोल पाणी आणि पुलाखाली ३.७ मीटर मोकळी उंची. उत्तरेचे कालवे या मापाने वाढले आणि त्यांच्यावर अडीचशे टनांपलीकडे माल भरणाऱ्या बोटी धावू लागल्या. रिकेची लॉक्स मात्र तीस मीटरच्या आसपास. तीही लंबगोल, कारण सरळ भिंतीचं एक लॉक सुरुवातीलाच ढासळल्यावर त्याने भिंतींना मातीच्या दाबाविरुद्ध आडव्या कमानीसारखा बाक दिला. आणि पूल हे असे, कापेस्तांसारखे. कालवा मोठा करायचा म्हणजे लॉक्स तोडा, पूल पाडा, गावांचे रस्ते उचला. पैसे कुणाकडेच नव्हते. काम पुढे ढकललं गेलं. वर्षं गेली, दशकं गेली.

१९७० च्या सुमारास एकदाचं काम निघालं. तुलूझजवळची काही लॉक्स लांब केली, त्यात त्यांचा लंबगोल गेला. बेझिएजवळ फोन्सेरानला रिकेच्या काळातला लॉक्सचा जिना आहे, एकाला एक लागून आठ हौद. त्याच्या शेजारी १९८३ मध्ये एक अचाट यंत्र उभं केलं. उतारावर बांधलेल्या सिमेंटच्या पन्हाळीत बोट तरंगत येते, मागून एक भलंमोठं चाकांचं यंत्र दार लावून पाण्याचा तो तुकडाच बोटीसकट वर ढकलत नेतं. कागदावर अतिशय देखणी कल्पना. प्रत्यक्षात बिघाडांनी हैराण झालेलं हे यंत्र २००१ पासून बंदच आहे. आणि मधला मोठा भाग रुंद करायचा राहिला तो राहिलाच. १९८० चं दशक संपता संपता इथली मालवाहतूक थांबली.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोन्सेरानला उभे होतो तेव्हा समोर हे दोन्ही होतं. एकीकडे गंजलेलं यंत्र. दुसरीकडे जुन्या जिन्यातून, त्यातल्या आज वापरात असलेल्या सहा हौदांतून, एकामागून एक उतरणाऱ्या बोटी. हा जिना बांधणाऱ्या दोघा भावांना लिहितावाचता येत नव्हतं असं म्हणतात. मी पदव्यांचं भेंडोळं घेऊन तिथे उभा होतो आणि काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

कालवा जगला तो सुट्टीवर येणाऱ्या माणसांमुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज मंडळींनी इथे बोटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे कालव्यांवर सुट्टी घालवायची सवय आधीच रुजली होती. आज वाटेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात काहीतरी सोय आहे. धक्का, पिण्याच्या पाण्याचा नळ, विजेचा खांब, कुठे अंघोळीची सोय, कुठे सायकली. भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही. अर्धा तास शिकवतात आणि किल्ली हातात देतात. वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर. लॉकवाले दुपारी जेवायला जातात, तेव्हा मागे बोटींची रांग लागली तरी कुणी हॉर्न वाजवत नाही.

आणि आता गंमत बघा. या भाड्याच्या बोटी बनवतानाच जुन्या कमानींचं माप धरलेलं असतं. बुटक्या, खांदे आत घेतलेल्या, वरची छत्री मिटणारी. उत्तरेकडून स्वतःची जुनी मालबोट घेऊन येणारे हौशी लोक तर कापेस्तांच्या कमानीचं लाकडी चौकटीत हुबेहूब माप करतात आणि घरच्या घरी आपल्या बोटीवरून फिरवून बघतात. अडलं तर केबिन कापायची. पूल पाडून बोटीला वाट करून देण्याऐवजी बोट कापून पुलाखाली बसवायची! शंभर वर्षं जी कमान कालव्याच्या प्रगतीतली धोंड होती, तीच आता मोजमापाची पट्टी झाली आहे. १९९६ मध्ये युनेस्कोने हा कालवा जागतिक वारशाच्या यादीत घेतला, त्यातल्या ३२८ बांधकामांसकट. पैसे वेळेवर मिळाले असते तर त्यातलं कितीसं उरलं असतं?

पण एवढं लिहून थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. बोट घेताना तिथल्या माणसाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक कापेस्तांचा पूल. दुसरी, "झाडाला दोर बांधायचा नाही. कधीही नाही."

या कालव्याचं कुठलंही चित्र आठवा, त्यात दोन्ही काठांना प्लेन वृक्षांची रांग आणि वर हिरवी कमान असणारच. अशी सुमारे ४२,००० झाडं होती, बरीचशी एकोणिसाव्या शतकात लावलेली. २००६ साली कार्कासोनजवळ एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर आलेल्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी फ्रान्समध्ये शिरली असं मानतात. तिच्यावर उपाय नाही. झाड तोडायचं आणि जाळायचं, एवढंच. निम्म्याहून जास्त झाडं गेली आहेत. आणि ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर कशी जाते? मुळांतून, पाण्यातून आणि बोटींमुळे. बुंध्याला आवळलेला दोर सालीला जखम करतो, काठाला घासलेली बोट उघड्या मुळांना जखम करते आणि रोग तिथून शिरतो. ज्या बोटींनी कालवा जगवला त्याच बोटींनी त्याची सावली घालवायला हातभार लावला. आता नवी रोपं लावतात, वेगवेगळ्या जातींची, म्हणजे पुन्हा एकाच रोगाने सगळी जाऊ नयेत. पण आम्ही जिथे होतो तिथे मैलभर दोन्ही काठ उघडे होते आणि काठीएवढी रोपं उन्हात उभी होती. आई म्हणाली, "यांची सावली पडायला अजून चाळीस वर्षं." मग थोड्या वेळाने, "लावताहेत हे चांगलंय."

त्या रात्री आमचा मुक्काम कापेस्तांलाच होता. रीतसर लोखंडी खुंट्याला दोर बांधला. बायकोने कुकर लावला, आईने बरोबर आणलेलं मेतकूट काढलं. बाबा पुलावर जाऊन उभे राहिले होते, म्हणून मीही गेलो. वरून कळतही नाही की खाली इतकं अवघड प्रकरण आहे. एक अरुंद रस्ता, मध्ये पोक, एक मोटार आली की दुसरीने थांबायचं. एक बाई पाव घेऊन सायकलवरून गेली. बाबा कठड्यावरून वाकून कमानीच्या आतल्या बाजूला बोटीचे ओरखडे शोधत होते.

"आमच्याकडे असा पूल एका एस्टिमेटमध्ये पाडला असता," ते म्हणाले. "मीच सही केली असती."

"यांनीही केली असती, बाबा. यांच्याकडे पैसे नव्हते."

ते हसले. मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "चल, भात गार होईल."

दुसऱ्या दिवशी परतताना पुन्हा तोच पूल. या वेळी सुकाणू बाबांच्या हातात होतं. बोट त्यांनी बरोबर मधोमध घातली, दोन्ही खांद्यांना वीतभर जागा सोडून. मान मात्र आम्ही सगळ्यांनीच खाली घातली.